इन्व्हर्टर कोणता घेऊ? आधी बॅटरी कुठे ठेवणार ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या बेसा भागात पहिल्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर. घरात चौघं, त्यात ७४ वर्षांची आई आणि घरून काम करणारी मुलगी. उन्हाळ्यात दुपारी लाइन जाते आणि वादळ आलं तर रात्रभर येत नाही. एका दुकानदाराने १६५० व्हीएचा, दोन बॅटऱ्यांचा सेट सांगितला. दुसरा म्हणतो, आता लिथियमशिवाय काही घेऊच नका. आईच्या खोलीतला कूलर चालला पाहिजे. बॅटरी मागच्या गॅलरीत ठेवायचा विचार आहे. शिवाय माळ्यावर सात-आठ वर्षं जुना इन्व्हर्टर पडून आहे, तो वापरता येईल का?

भाऊ, मी नागपुरात बावीस वर्षं हेच काम करतोय आणि तुमच्या एवढ्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकली ती गॅलरी. व्हीए (इन्व्हर्टरची ताकद), एएच (बॅटरीची साठवण), कंपनी हे सगळं नंतर पाहू. ती गॅलरी पश्चिमेला असेल तर तुम्ही कितीही भारी बॅटरी आणा, दोन उन्हाळ्यांत ती बसणार.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. धंद्यात नवा होतो तेव्हा मानकापूरकडे एका घरी मी स्वतः अशीच बॅटरी बसवली होती. घरच्या काकू म्हणाल्या, हॉलमध्ये तो डबा नको, दिसायला बरा नाही. मलाही तेव्हा गिऱ्हाइकाला नाही म्हणायची हिंमत नव्हती. गॅलरीत ठेवली. वरून पत्रा, समोर सिमेंटची भिंत, दुपारी दोनपासून सहापर्यंत ऊन. तिसऱ्या उन्हाळ्याच्या आधीच फोन आला की लाइन गेली की दहा मिनिटांत इन्व्हर्टर ओरडतो. जाऊन बुचं उघडली. सहापैकी चार सेलमध्ये पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं, आणि उघड्या पडलेल्या प्लेटा वरून पांढरट झालेल्या. टर्मिनलवर हिरवट-पांढरी खपली इतकी चढलेली की नट दिसत नव्हता. हायड्रोमीटर घातला तर फ्लोट वर यायलाच तयार नाही. पूर्ण भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडचा दाटपणा, १२४० च्या आसपास असते, इथे ती ११०० ला होती. डिस्टिल वॉटर भरून, दोन दिवस चार्ज करून पाहिलं. मेलेली ती मेलेलीच. काकूंनी मला चहा पाजला, पण पुढची बॅटरी दुसऱ्याकडून घेतली. बरोबरच केलं त्यांनी.

कारण साधं आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ ते २७ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्याच्या वर दर आठ-दहा अंशांना ते जवळपास निम्मं होत जातं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात. त्यात चार्जिंगची स्वतःची ऊब मिळाली की गॅलरीतली बॅटरी आतून ५० च्या पुढे जाते. पाणी भराभर उडतं आणि आतली जाळी गंजते. गंमत अशी की तापलेली बॅटरी त्या दिवशी बॅकअप जरासा जास्तच देते. म्हणून माणूस फसतो. पहिल्या मे महिन्यात वाटतं, वा, काय बॅटरी आहे! मुंबई-पुण्याचे नातेवाईक सांगतात की आमची सहा वर्षं चालली, ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्याकडे नवतपा, मेअखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस, नसतो.

तर जागा घराच्या आत शोधा. पॅसेज, डायनिंगचा कोपरा, जिन्याखालची उघडी जागा, पूर्व किंवा उत्तरेच्या भिंतीला लागून. बंद कपाट नको, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो साठता कामा नये. गॅस सिलिंडरशेजारी नको, देवघरातल्या दिव्याजवळ नको. आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नको, तिथे एप्रिलमध्ये मांजर बसत नाही. तुम्ही पहिल्या मजल्यावर आहात म्हणून एक काळजी कमी आहे. तळमजल्यावरच्या लोकांना मी विटांचा ओटा करून दोन-तीन फूट वर ठेवायला सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्यानंतर कितीतरी दिवस मी फक्त बुडालेले इन्व्हर्टर उघडत होतो. बॅटऱ्या बऱ्याचशा वाचल्या, इन्व्हर्टरमधल्या सर्किटच्या पाट्या चिखलाने गेल्या.

आता किती मोठा सेट. इथे बहुतेक लोक घरातली सगळी उपकरणं मोजायला बसतात आणि दुकानदाराला तेच हवं असतं. मी वेगळं विचारतो. तुमच्याकडे लाइन जाते ती कोणत्या दिवसांत आणि किती वेळ? आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात, म्हणजे वीज बनते ती आपल्या दारात. तरी लाइन जाते, कारण अडचण विजेच्या तुटवड्याची कमी आणि ट्रान्सफॉर्मर-तारांची जास्त आहे. तुम्हीच लिहिल्याप्रमाणे ती दोन प्रकारे जाते. एक म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी किंवा रात्री अकराच्या सुमारास. सगळ्या वस्तीचे कूलर, एसी एकदम चालू होतात, डीपीवरचा फ्यूज उडतो, तास-दोन तासांत येते. दुसरी म्हणजे अवकाळी वादळाची. झाड पडलं, तार तुटली, मग रात्रभर नाही.

या दोन्ही वेळची गरज सारखी नसते. दुपारच्या कोरड्या उन्हात कूलर हवाच, पण दोन तास. वादळानंतर बाहेरची हवा पडलेली असते आणि दमटही झालेली असते. त्या हवेत कूलर लावला तर अंग नुसतं चिकचिक होतं, तेव्हा पंखा पुरतो, मात्र तो रात्रभर हवा. एवढं लक्षात घेतलं तर दोन बॅटऱ्यांचा सेट तुम्हाला लागत नाही, हे तुम्हीच काढाल.

हिशेब करून पाहू. १५० एएचची बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टर बॅटरीची वीज घरच्या विजेत बदलताना पाचवा हिस्सा खातो. उरले १४४०. बॅटरी तळापर्यंत ओरबाडायची नसते, थोडी शिल्लक ठेवायची. हाती ११५० च्या आसपास येतात. माझ्या डोक्यात १५० एएच म्हणजे अकराशे, असंच बसलेलं आहे. रात्री दोन खोल्यांत दोन साधे पंखे १५० वॅट, एक एलईडी ९, वायफायचे दोन डबे मिळून १५. झाले १७४. अकराशे पन्नासला भागा, साडेसहा तास. रात्री अकराला गेली तर पहाटे साडेपाचपर्यंत.

आता तेच दोन पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, लावा. साधा पंखा ७० ते ८० वॅट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. रात्रीचा भार ८४ वर येतो आणि बॅटरी तीच असून बॅकअप तेरा तासांच्या वर जातो. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा दोन पंखे बदलणं कितीतरी स्वस्त पडतं आणि ते पंखे लाइन असतानाही बिल कमी करतात. हे दुकानात कोणी सांगत नाही, कारण बॅटरीच्या दुकानात पंखे नसतात. मी सांगतो आणि माझी एक बॅटरी कमी विकली जाते. असो.

कूलर. नागपुरात हा प्रश्न दर दुसरा माणूस विचारतो आणि लोक छातीठोक हो किंवा नाही म्हणून मोकळे होतात. चालतो, पण कोणता ते पाहावं लागतं. आपला पत्र्याचा, १८ इंची पंख्याचा कूलर पंपासकट २०० वॅटच्या आगेमागे घेतो. मोटर जुनी असेल, बुशिंग घासलेलं असेल तर त्याहून जास्त. प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो आणा, कूलर लावून आकडा वाचा, मागच्या लेबलवर विसंबू नका. २०० वॅटचा कूलर, आईच्या खोलीतला दिवा, मुलीचा लॅपटॉप आणि वायफाय मिळून झाले ३०० च्या जवळ. नवी १५० एएचची बॅटरी हे साडेतीन तास ओढेल. जुनी झाल्यावर दोन-अडीच. तुमच्या दुपारच्या गरजेला पुरेसं आहे. काही लोक लाइन गेली की कूलरचा पंप बंद करतात, बॅटरी वाचावी म्हणून. त्याने फारसं काही वाचत नाही. पंप वीस-पंचवीस वॅटचा, खातो तो पंखा. स्पीड कमी करा, कूलरच्या ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) ओल्या राहू द्या.

यातच एक जीवावरची गोष्ट आहे. लाइन गेली म्हणून माणूस निर्धास्तपणे कूलरमध्ये हात घालतो, पाणी भरतो, ताटी सरकवतो. इन्व्हर्टरवर असलेल्या कूलरला तेव्हाही पूर्ण २३० व्होल्ट मिळत असतात. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात आपल्याकडे माणसं जातात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना बजावा, आणि कूलरचा पॉइंट तीन पिनचा, खऱ्या अर्थिंगचा करून घ्या. भिंतीत तिसरं भोक असतं आणि त्यामागे वायरच नसते, असं मी रोज पाहतो.

मग इन्व्हर्टर. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण ७०० ते ७५० वॅट उचलतो, आणि मोटर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढते, म्हणून टोकापर्यंत भरायचा नसतो. तुमचा नेहमीचा भार चारशेच्या आत आहे. ९०० चालेल, कूलरमुळे ११०० घ्या. १६५० व्हीएचा सेट २४ व्होल्टचा असतो, त्याला दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडाव्या लागतात. त्या दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या लागतात. एक बसली की दुसरी चांगली असूनही सोबत जाते, नवी-जुनी जोडी कधी नीट नांदत नाही. मोठं घर, चार-पाच खोल्या, वर फ्रिज चालवायचाच हट्ट असेल तर ठीक. तुम्हाला तो खर्च कशाला?

फ्रिजचं विचारलं नाही तुम्ही, तरी सांगतो. दार न उघडता फ्रिज चार तास गार राहतो. त्याला इन्व्हर्टरवर आणू नका. मिक्सर, इस्त्री, गिझर, बोअरची मोटर, यातलं काही नको. सहाशे वॅट एकदम ओढले तर १५० एएचची बॅटरी दोन तासही देत नाही, सव्वा-दीड तासात आटोपते. बॅटरीवरची १५० ही संख्या वीस तास हळूहळू काढली तरची असते. घाईने काढाल तर तेवढं निघतच नाही. स्टिकरवर सी-२० (वीस तासांत काढली तर) किंवा सी-१० (दहा तासांत काढली तर) लिहिलेलं असतं ते हेच. दोन बॅटऱ्यांवर १५०च लिहिलं असेल, एकीवर सी-१० आणि दुसरीवर सी-२०, तर सी-१० वाली खरी मोठी.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे लाइनसारखीच वीज देणारा, घ्या, यात घासाघीस नको. स्क्वेअर वेव्हवर पंखा गुणगुणतो, कूलरची मोटर तापते आणि बीएलडीसी पंख्याचं सर्किट कधी कधी रुसतं. मागच्या बाजूला यूपीएस आणि इको असं एक बटण असतं. मुलगी घरून काम करते तर यूपीएसवर ठेवा. लाइन जाता-येता बदल इतक्या झटपट होतो की वायफाय पुन्हा सुरू व्हायच्या भानगडीत पडत नाही. पण तुमच्या वस्तीत व्होल्टेज फार पडत असेल तर यूपीएस मोडवर इन्व्हर्टर लाइन असतानाही बॅटरीवर जाईल. सकाळी उठून पाहता तर बॅटरी रिकामी आणि लाइन तर रात्रभर होती, अशी तक्रार आली की मी आधी हे बटण पाहतो.

आणखी एक आकडा विचारा, चार्जिंगचा करंट. बॅटरीच्या एएचचा दहावा हिस्सा अँपिअर, असा ढोबळ नियम. १५० ला १५. छोट्या इन्व्हर्टरला २०० ची बॅटरी जोडली तर ती पूर्ण भरतच नाही, अर्धपोटी राहून प्लेटांवर सल्फेट चढतं. मोठी बॅटरी घेतली म्हणून जास्त दिवस चालेल, हा समज इथे उलटतो. तापमान पाहून चार्जिंगचं व्होल्टेज खाली आणणारे इन्व्हर्टर येतात. नागपुरात त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

बॅटरीत टॉल ट्युब्युलर. चपट्या प्लेटांची स्वस्त मिळते, ती आपल्या उन्हात टिकत नाही. ट्युब्युलरची प्लेट जाड नळ्यांची असते आणि उंच डब्यात पाणी जास्त मावतं, म्हणून बुचं वारंवार उघडावी लागत नाहीत. दोन कंपन्यांच्या १५० एएचमध्ये गोंधळ झाला तर माझा जुना उपाय आहे, वजन विचारा. भरलेल्या बॅटरीचं वजन कंपनीच्या पत्रकात दिलेलं असतं. शिसं जास्त तिथे वजन जास्त, आणि बॅटरीत पैसा शिशाचाच असतो.

आता लिथियम. मी विरोधात नाही. माझ्या स्वतःच्या दुकानात बिलिंगच्या मशीनला लिथियमच आहे. पाणी नाही, वास नाही, भिंतीवर टांगता येते, वजन पाव हिश्श्याइतकं, तीन-चार तासांत भरते, तळापर्यंत वापरली तरी कुरकुरत नाही. १२.८ व्होल्ट, १०० एएचची लिथियम १२८० वॅट-तास देते, म्हणजे कामात १५० एएचच्या शिसेवालीच्या बरोबरीने उतरते. पण दुकानदार जे सांगतो ना, दोन-तीन हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज होते म्हणून पैसे वसूल, ते तुमच्या घराला लागू नाही. रोज चार तास लाइन जाणाऱ्या गावात लागू आहे. तुमच्याकडे वर्षात चाळीस-पन्नास वेळा जाते असं धरा. त्या हिशेबाने हजार फेऱ्या व्हायला वीस वर्षं लागतील, आणि तोवर बॅटरी वयानेच म्हातारी होईल. उष्णता तिलाही सोसत नाही. लिथियम बॅटरी फार तापली की तिचं आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं, म्हणजे गॅलरीचा प्रश्न तिथेही सुटत नाही. भाड्याचं घर असेल, घर बदलावं लागत असेल, पाणी भरायला घरात कोणी नसेल, जागा अगदीच नसेल, तर लिथियम घ्या. घ्याल तेव्हा इन्व्हर्टरला लिथियमचा मोड आहे का ते पाहा. साध्या इन्व्हर्टरला डबा बदलून लिथियम जोडणारे महाभाग आहेत, दोघांची चार्जिंगची व्होल्टेज वेगळी असतात.

आई ७४ वर्षांच्या आहेत म्हणून मध्येच सांगून ठेवतो. देव करो आणि वेळ न येवो, पण घरात कधी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आला तर पाच लिटरचं मशीन तीनशे-साडेतीनशे वॅट सतत घेतं. हा सेट ते तीन तासांच्या पुढे ओढणार नाही. अशा घरी इन्व्हर्टरसोबत भरलेला सिलिंडर हवाच, आणि कुठल्याही बॅटरीवाल्याच्या शब्दावर तिथे राहू नये. माझ्याही नाही.

सोलरबद्दलही लगे हात. शेजारच्या घरावर तीन किलोवॅटचं सोलर आहे आणि तरी लाइन गेली की तेही अंधारात, हे पाहून लोक मला विचारतात, "काहून बाप्पा, एवढे पैसे घातले आणि पंखा नाही?" फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं आणि आपल्याकडे छपरं निळी झाली. पण त्यातलं बहुतेक सोलर ग्रिडला जोडलेलं साधं सोलर आहे. लाइन गेली की ते मुद्दाम स्वतःला बंद करतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक लागेल. ते बिल कमी करतं, बॅकअप देत नाही. दोन-तीन वर्षांत सोलर लावायचा विचार असेल तर आधी हायब्रिडचा, म्हणजे बॅटरी जोडून लाइन गेल्यावरही चालणाऱ्या सोलरचा, भाव काढा आणि तोवर इन्व्हर्टरवर फार पैसे घालू नका.

बसवताना वायरिंगकडे लक्ष द्या, कारण अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात. इन्व्हर्टरची लाइन वेगळी ओढलेली असावी, त्यावर फक्त ठरवलेले पॉइंट. तुमचं घर नवीन असेल तर बिल्डरने बहुधा आधीच ओढून ठेवली असेल, डीबी (घरातली एमसीबीची पेटी) उघडून पाहा. महाल भागातल्या जुन्या वाड्यांत मी अर्धा दिवस नुसता कोणत्या दिव्याचा न्यूट्रल कुठे गेला हे शोधण्यात घालवतो. दोन लाइनचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले की आरसीसीबी (शॉकपासून वाचवायला वीज तोडणारा स्विच) उगाच पडतो, आणि मग वायरमन सगळ्यात वाईट उपाय करतो, आरसीसीबीच काढून टाकतो. तसं होऊ देऊ नका. बॅटरी आणि इन्व्हर्टर जवळजवळ ठेवा, मधली जाड वायर कंपनीची आहे तीच राहू द्या. ती वाढवून दुसऱ्या खोलीत नेली तर व्होल्टेज वाटेतच गळतं आणि सांधा तापतो. टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा, गाडीचं ग्रीस नको.

पाणी. कंपनीवाले तीन महिन्यांनी बघा म्हणतात, नागपुरात मार्च ते जून दर महिन्याला बघा. वरच्या फ्लोटचा हिरवा-लाल रंग फसवतो, तो अडकून बसतो. बोटाने हलकेच दाबून पाहा, परत वर येतो का. पाणी डिस्टिलच. आरओचं नाही, एसीतून गळणारं तर नाहीच. ते स्वच्छ दिसतं, पण एसीच्या कॉइलवरची धूळ-धातू घेऊन येतं. आणि गच्च वरपर्यंत भरू नका, चार्जिंगला फुगून अ‍ॅसिड बाहेर येतं आणि फरशीवर पांढरा डाग पडतो, तो मग जन्मभर तिथेच.

खरेदीला बर्डीत जा, इतवारीत जा, तुमच्याच चौकातल्या दुकानात जा, भावात फार फरक पडत नाही. तिन्ही ठिकाणी बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना आधी वाचा. ओली बॅटरी शेल्फवर पडल्या पडल्या उतरते, उन्हाळ्यात जरा जास्तच. तीन-चार महिने जुनी असेल तर दुसरी मागा. वॉरंटी ३६+२४ अशी लिहिलेली असते. पहिला आकडा फुकट बदलून मिळण्याचा, दुसरा फक्त सवलतीचा, आणि ती सवलत छापील किमतीवर मिळते. दुकानात बॅटरी छापील किमतीच्या बरीच खाली मिळत असते, त्यामुळे दुसऱ्या आकड्यातून हातात जवळजवळ काही येत नाही. म्हणून ३६+२४ आणि ४८+१२ यांत मी डोळे मिटून दुसरी घेईन. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. आणि जमलं तर फेब्रुवारीतच घ्या. एप्रिलच्या शेवटी पोरं दिवसाला दहा-दहा सेट बसवत असतात, पहिलं दहा-बारा तासांचं चार्जिंग न करताच भार टाकून निघून जातात.

राहिला तुमचा माळ्यावरचा जुना इन्व्हर्टर. लेबलवर साइन वेव्ह लिहिलं असेल तर खाली काढा, आतली धूळ ब्लोअरने उडवा आणि कोणाकडून तरी चार्जिंगचं व्होल्टेज मोजून घ्या. भरताना १४.४ च्या आसपास आणि भरल्यावर १३.७-१३.८ वर येऊन थांबत असेल तर तो चांगला आहे, नुसती बॅटरी घ्या, इन्व्हर्टरचे पैसे वाचवा आणि त्या पैशांत बीएलडीसी पंखे आणा. १५ च्या वर जात असेल तर तो नवी बॅटरी उकळून मारेल. स्क्वेअर वेव्ह असेल तर कूलरचा विषयच संपला. त्याच्यासोबतची जुनी बॅटरीही कुठे पडली असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, तो अ‍ॅसिड नालीत ओततो. नवीन घेताना दुकानातच वजनावर द्या. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, आणि अ‍ॅसिडसकट असेल तर भावही बरा मिळतो. कूलरचा वॅटमीटरवरचा आकडा आणि गॅलरी कोणत्या दिशेला आहे तेवढं कळवा, मग ११०० की ९०० ते पक्कं सांगतो.